पाच अक्षरांचं हळदीकुंकू

लग्न होऊन दिवा गावात सासरी आले तेव्हा मी मनाशी ठरवलं होतं, की इथे शिष्टपणा करायचा नाही. डोंबिवलीत इंग्रजी माध्यमात शिकलेली आणि ठाण्याला ऑफिसात जाणारी सून म्हटल्यावर बिल्डिंगमधल्या बायका आधीच माझ्याशी जरा जपून बोलायच्या. तरी यंदाच्या संक्रांतीला मी नको तो शिष्टपणा केलाच, आणि तोही हातात माईक घेऊन.

हळदीकुंकू म्हणजे आमच्या सासूबाईंचं राज्य. बिल्डिंगला धड रंगही लागलेला नव्हता तेव्हापासून त्या सगळ्यांना घरी बोलवत आल्या आहेत. आधी खेळ, मग हळदीकुंकू, तिळगूळ आणि वाण, हा त्यांचा क्रम. खेळही ठरलेले. उखाणे घ्यायचे, मिनिटभरात किती टिकल्या लावता येतात ते बघायचं, नाहीतर सुईत दोरा ओवायचा. यंदा त्यांचे गुडघे दुखत होते. म्हणाल्या, "खेळ तू घे गं. मी नुसती बसते."

मला कोण आनंद झाला! शेजारच्या नव्या विंगमधल्या तरुण बायका पहिल्यांदाच येणार होत्या. त्यांच्यासमोर टिकल्या काय लावायच्या, असं माझ्या मनात आलं. खरं सांगायचं तर मला आमच्या उखाण्यांचीच लाज वाटली.

ऑफिसच्या ग्रुपवर रोज शब्दांचं एक कोडं येतं. मी तेच उचललं. सगळ्यांना कागद आणि पेन्सिली वाटल्या आणि घरातला कराओकेचा माईक हातात घेऊन ऐटीत जाहीर केलं, "पाच अक्षरांचे इंग्लिश शब्द लिहायचे. त्यात ए आणि टी पाहिजेच."

नव्या विंगमधल्या लगेच खाली वाकून लिहायला लागल्या. आमच्या बिल्डिंगमधल्या काकू आणि मावश्या एकमेकींकडे बघत राहिल्या. एकीने पेन्सिलीचं टोक तपासलं. एकीने कागदाची घडी घालून तो पर्सखाली सरकवला. हे मला दिसत होतं. मी तिथेच थांबले असते, तर आज हे लिहायची वेळ आली नसती.

वेळ संपली. नव्या पोरींनी धडाधड शब्द सांगितले. हॅबिट, अडॉप्ट, एक्झॅक्ट. टाळ्या झाल्या. त्या टाळ्यांच्या भरात मी माईक सासूबाईंपुढे धरला. "आई, तुमचे किती?"

त्यांनी कागद मुठीत धरला होता. म्हणाल्या, "अगं, चष्मा आत राहिला."

"गळ्यातच तर आहे की!" मी म्हटलं, माईकवर. सगळ्या हसल्या. सासूबाईही हसल्या, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या त्यांच्या.

आता आपली पाळी, हे बाकीच्यांनी ओळखलं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू पहिल्या उठल्या. "चला गं, पाण्याची वेळ झाली." मग दुसरी उठली. तिसरीने तर "नळ चालूच राहिला वाटतं" म्हणत चपलाही नीट घातल्या नाहीत. आमच्याकडे पाणी येतं पहाटे, तेही आलं तर. संध्याकाळी नळाला पाणी, हे दिव्यात शेंबड्या पोरालाही पटायचं नाही.

बघता बघता अर्धा हॉल रिकामा झाला. आमच्या दारातून बायका कुंकू न लावता गेल्या. कल्याणच्या बाजारातून सासूबाईंनी हौसेने निवडून आणलेलं वाण, स्टीलच्या झाकणाच्या डब्या, तशाच टोपलीत राहिल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सासूबाईंनी उरलेल्या डब्या मोजून पिशवीत भरल्या. मला रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आले तर त्या साडी नेसून तयार. हातात हळदीकुंकवाचं ताट. मला म्हणाल्या, "वाणाची पिशवी घे आणि चल." आणि ते दुखरे गुडघे घेऊन जिने चढायला लागल्या.

प्रत्येक दारात तेच. "काल ते पाणी आलेलं ना, म्हणून निघाले." सासूबाई म्हणायच्या, "हो ना, आमच्याकडे पण आलेलं. पाणी काय थांबतंय आपल्यासाठी?" त्या कुंकू लावत होत्या, मी मागून डबी पुढे करत होते. एवढ्या सगळ्याजणी मला सांभाळून घेत होत्या, आणि मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

सगळ्यात शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे गेलो. त्यांनी आम्हाला बसवलं, चहा दिला. मग माझ्याकडे बघत हळूच विचारलं, "काय गं, मला काल एक शब्द येत होता. वॉटर. बसतो का तुझ्या खेळात?"

मी बोटांवर मोजलं. डब्ल्यू, ए, टी, ई, आर.

"बसतो की काकू. स्पेलिंग कसं माहीत?"

"टँकरवर लिहिलेलं असतं ना. हंडा घेऊन तासन् तास त्याच्यासमोर उभी असते मी."

"मग काल बोलला का नाहीत?"

"अगं, त्या पोरी काय काय भारी शब्द सांगत होत्या. त्यात आपलं पाणी कुठे सांगायचं?"

सासूबाई कालपासून पहिल्यांदा मोकळं हसल्या आणि त्यांनी काकूंना कुंकू लावलं. मला मात्र मान वर करवेना. पिशवीत एकच डबी उरली होती, तरी ती शोधायला मी बराच वेळ लावला.