पंधरा नोव्हेंबरची मुलाखत

लिनेट ओयालाने पन्नाशी उलटल्यावर कम्युनिटी कॉलेजात नाव घातलं, तेव्हा गावातल्या प्रत्येकाने तिला नफा-तोट्याचा हिशेब करून दाखवला. तिने तो कुणाकडेही मागितला नव्हता. मिशिगनच्या या उत्तर टोकाला खाणी बंद पडल्यापासून लोकांना दुसऱ्याच्या पैशांची फार काळजी. त्यात लिनेट जिल्ह्याच्या तुरुंगात शिपाई, म्हणजे पगार सगळ्यांना तोंडपाठ.

तिचा नवरा कर्ट लाकडाचे ट्रक चालवायचा. शनिवारी दोघं घरामागच्या सॉनात, म्हणजे वाफेच्या खोलीत, बसली असताना त्याने तापलेल्या दगडांवर पाणी मारलं आणि विषय काढला.

"फी साडेचार हजार डॉलर. पुस्तकं वेगळी, पेट्रोल वेगळं. आणि ते गुन्हे-न्यायाचं सर्टिफिकेट हातात आलं की जिल्हा तुला देणार काय? तासाला पंचवीस सेंट! वर्षाचे पाचशे डॉलर. म्हणजे नुसती फी सुटायला नऊ वर्षं. तोवर तू पेन्शनीत निघशील. त्यापेक्षा छपराचं काम करून घेऊ."

"आणि सार्जंट झाले तर? सार्जंटला तासाला दोन डॉलर जास्त मिळतात. वर्ष-सव्वा वर्षात फी वसूल."

"अगं पण तुला करतंय कोण सार्जंट?"

लिनेटने आणखी एक पळी पाणी दगडांवर ओतलं. वाफेने कर्ट खोकायला लागला आणि त्या दिवसापुरता हिशेब थांबला.

खरं तर त्याचा प्रश्न बरोबर होता, म्हणूनच तिला तो झोंबला. मागे एकदा सार्जंटची जागा निघाली तेव्हा शेरीफ ड्वेन ट्रेवॅरोने तिला खोलीत बोलावून घेतलं होतं. ड्वेन तिच्याच वर्गातला, शाळेत तिच्या वहीत बघून गणितं सोडवणारा. तो म्हणाला, "लिनेट, काम तुझं एक नंबर. पण तुझ्याकडे कॉलेजचा कागद नाही ना." कागदवाल्या एका तरुणाला ती जागा मिळाली. दुसऱ्या वर्षी तो मोठ्या शहरात नोकरी धरून निघूनही गेला. लिनेटच्या मनातून मात्र ते वाक्य गेलं नाही.

दुसरं दुखणं पंधरा नोव्हेंबरचं. त्या दिवशी हरणांच्या शिकारीचा मोसम उघडतो. शाळा बंद, लाकडाची गिरणी बंद, त्या आठवड्यात कुणी लग्न काढत नाही, आणि माणूस गेलाच तर पाद्रीसुद्धा पुढची तारीख सुचवतो. पण तुरुंगाला कुलूप लावून सगळ्यांना जंगलात जाता येत नाही. कुणाला तरी मागे राहावं लागतं, आणि ते कोण हे सार्जंट ठरवतो. दरवर्षी ठरायची लिनेट. "तुझं काय अडतंय? तू बाईमाणूस!" असं वर ऐकवायचे. तिच्या बापाने, आर्वोने, आपलं ओढ्याकाठचं मचाण दोन मुलगे सोडून तिच्या नावे केलं होतं, कारण घरात नेम तिचाच सरळ. ते मचाण मोसमाच्या पहिल्या दिवशी रिकामं राहायचं आणि लिनेट कैद्यांना जेवणाची ताटं वाटत असायची. याचा राग यायला नको? तिला यायचा, आणि दरवर्षी जास्त यायचा.

दोन वर्षं ती कामावरून सुटली की तासभर गाडी हाकत कॉलेजला गेली. पहिल्या दिवशी वर्गातली पोरं तिला बघून उठून उभी राहिली, त्यांना वाटलं बाई शिकवायला आल्यात. "बसा रे," ती म्हणाली, "मीही तुमच्यासारखीच, फक्त जरा उशिरा उगवलेय." सगळा अभ्यास काही तिला पटला नाही. पण नोटिशीचा धडा तिला फार आवडला. ज्याला वेळेवर आणि स्पष्ट कळवलंय, तो हजर राहिला नाही तर त्याने आपली संधी आपल्या हाताने सोडली. इतकी साधी गोष्ट कुणीतरी कायदा म्हणून लिहून ठेवली आहे, याचं तिला समाधान वाटलं.

सर्टिफिकेट आलं. त्याच शरद ऋतूत सार्जंटची जागा पुन्हा रिकामी झाली. अर्ज चार जणांचे, लिनेट आणि तीन पुरुष. त्यांतला रॉडनी पेल्टो तिचा जुना जोडीदार, माणूस वाईट नाही, पण तोंडाला कुलूप नाही. जिल्ह्याचा कारभार बघायला दक्षिणेकडून प्रुइट नावाच्या नव्या बाई आल्या होत्या. नेमणुका आता त्यांच्या हातात होत्या. त्यांनी नोटीस लावली: मुलाखती पंधरा नोव्हेंबर, सकाळी दहा.

तुरुंगात हशा पिकला.

"छपाईची चूक आहे," रॉडनी म्हणाला. "सोळा असणार. पंधराला मुलाखत! मग नाताळ काय जुलैत का?"

विचारायला कुणीच गेलं नाही, कारण विचारण्यासारखं त्यात काही आहे असं कुणाला वाटलंच नाही. लिनेट तेवढी प्रुइटबाईंकडे गेली. तारीख पंधराच होती. तिने परत येऊन तिघांनाही ते सरळ सांगितलं.

रॉडनीने डोळा मारला. "कळलं हो! आम्ही इस्त्री करून इथे बसायचं आणि तू आमची हरणं पाडायचीस. यंदा रजा मिळालीये ना बाईसाहेबांना!"

तेच तर दुखत होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिची पंधरा तारखेची रजा मंजूर झाली होती. बापाची बंदूक साफसूफ करून दाराशी उभी होती.

पंधराच्या सकाळी कर्टने शिकारीचा नारिंगी कोट चढवला, थर्मास भरला आणि बायकोकडे बघतच राहिला. ती गणवेशात.

"लिनेट, ऑफिसला कुलूप असेल."

"असलं तर दाराशी उभी राहीन."

कुलूप नव्हतं. प्रुइटबाई आणि बाहेरच्या जिल्ह्यांतले दोन अधिकारी चार जणांसाठी कॉफी मांडून बसले होते. "बाकीचे?" बाईंनी विचारलं. त्याच वेळी लांबून बंदुकीचा बार ऐकू आला. "ते तिकडे," लिनेट म्हणाली. मुलाखत तासभर चालली. दर थोड्या वेळाने एक बार व्हायचा, पण तिने एकाही प्रश्नाचं उत्तर चुकवलं नाही.

सोळाला सकाळी तिघं दाढ्या करून दहाच्या ठोक्याला हजर. रॉडनीच्या ट्रकमध्ये भलंमोठं शिंगाळं हरीण. मुलाखती उरकल्याचं कळल्यावर त्याने जो आरडाओरडा केला, तो कोठड्यांपर्यंत ऐकू गेला म्हणतात.

आठवड्याने जिल्हा मंडळाची बैठक भरली. एरवी तिथे कुत्रंही फिरकत नाही, त्या दिवशी उभं राहायला जागा नव्हती. ड्वेनने मागणी केली की सगळ्यांच्या मुलाखती पुन्हा घ्याव्यात. मग तो लिनेटकडे वळला.

"समजून घे ना गं. इथे पंधराला काही नसतं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. कागदावर काय छापलंय त्याचं एवढं काय घेऊन बसलीस?"

लिनेट उठली.

"ड्वेन, मागे माझ्याकडे कागद नव्हता तेव्हा कागदच सगळं होता. मी साडेचार हजार डॉलर मोजून तो आणला. आता म्हणतोस कागदाचं काय एवढं? नोटीस महिनाभर भिंतीवर होती. मी स्वतः विचारून आले, तिघांना सांगितलं, ते हसले. मलाही मचाण आहे. मलाही रजा होती. यांनी हरीण निवडलं, मी जागा निवडली. ज्याने त्याने आपलं निवडलेलं घरी न्यावं. पुन्हा मुलाखती घेतल्यात तर मी वकील करीन, आणि छप्पर गळत राहिलं तरी चालेल."

मागून कर्ट मोठ्याने म्हणाला, "गळू दे!"

मंडळाच्या वकिलाने अध्यक्षांच्या कानाशी लागून काहीतरी सांगितलं. अध्यक्षांनी घसा साफ केला आणि जागा लिनेटला दिली.

गावाने तोंड फिरवलं. चर्चच्या शुक्रवारच्या विक्रीत तिने केलेल्या पास्ट्या, म्हणजे मांस-बटाटा भरून भाजलेल्या मोठ्या करंज्या, कुणी उचलल्या नाहीत. तिने त्या परत नेल्या, कर्टला चार दिवस खायला घातल्या आणि पुढच्या शुक्रवारी पुन्हा तेवढ्याच करून नेल्या. वसंतापर्यंत लोकांना भूक लागली.

वर्षभराने तिने नोव्हेंबरच्या कामाच्या पाळ्या लावल्या. जरा वेळाने रॉडनी टोपी हातात घेऊन दारात उभा.

"लिनेट, पंधराला माझं नाव आहे."

"आहे."

"आणि तू?"

"मी बापाच्या मचाणावर. आता दरवर्षी एकेकाची पाळी. माझी आधीच बरीच भरून झालीये."

रॉडनीने भिंतीवरची यादी पुन्हा एकदा वाचली. "म्हणजे ती... छपाईची चूक नाही?"

"नाही," सार्जंट ओयाला म्हणाली. "पण या खेपेला विचारायला आलास, हे बरं केलंस."