देवतळे स्थानकाची विहीर

गोदामातेला वंदन असो. जो जलरूपाने चराचराचे पोषण करतो, त्या परमेश्वरालाही वंदन असो. लातूर हा वेगळा जिल्हा होऊन थोडीच वर्षे झाली होती आणि पावसाने सलग दुसऱ्यांदा पाठ फिरवली होती. त्या दिवसांत देवतळे या छोट्या शहराच्या रेल्वे स्थानकासमोर होणाऱ्या नव्या प्रांगणाचे भूमिपूजन करण्यासाठी मी नांदेडहून निघालो. ते भूमिपूजन मी केले नाही. का केले नाही, हे घरच्या मंडळींना अनेकदा सांगून झाले. परंतु सांगताना संताप आवरत नाही आणि वाक्ये अर्धवट राहतात. म्हणून हे सावकाश लिहीत आहे.

पहाटे घाटावर स्नानाला उतरलो तेव्हा नदीचे पात्र म्हणजे नुसती डबकी उरली होती. त्यातल्या त्यात स्वच्छ जागा पाहून स्नान उरकले आणि परळीकडे जाणाऱ्या गाडीत बसलो. ही गाडी अरुंद रुळांची. परळीला रुळांची रुंदी बदलते, म्हणून गाडीही बदलावी लागते. खिडकीतून दिसणारी काळी जमीन इतकी भेगाळली होती की एखाद्या भेगेत हात घातला तर कोपरापर्यंत जावा. कापसाच्या पऱ्हाट्या तशाच उभ्या होत्या. त्या उपटण्याचाही कुणाला उत्साह नव्हता. परळीला फलाटावरूनच श्रीवैद्यनाथाच्या दिशेने हात जोडले आणि मोठ्या रुळांच्या पॅसेंजरमध्ये चढलो.

या गाडीत मला अपडाउनवाले (रोज गाडीने नोकरीला जाऊन परतणारे) भेटले. संध्याकाळची वेळ होती आणि परळीतली कामे आटोपून मंडळी घरी निघाली होती. रिकामी जागा पाहून मी बसलो, तोच समोरचा गृहस्थ हसला.

"गुरुजी, ती जागा निलंगेकर मास्तरांची हाय. ते फुडच्या ठेसनावर चढतेत. पर बसा तुमी, त्यांना पाय हायेत."

हा बालाजी, एका सरकारी कचेरीतला कारकून. देवतळ्याहून परळीला रोजचे जाणे-येणे. त्याने डबा उघडून धपाटे माझ्यापुढे केले. पुढच्या स्थानकावर निलंगेकर मास्तर चढले आणि मी उठू लागताच त्यांनी मला खांद्याला धरून परत बसवले.

"बसा हो. आमाला हुबं ऱ्हायची सवय हाय. ही गाडी चुकली तर मातर घरची भाकर चुकती."

मी स्थानकाविषयी विचारले, तेव्हा दोघेही उत्साहाने सांगू लागले. निजामाच्या राजवटीत हा लोहमार्ग टाकला गेला, तेव्हा देवतळ्याला स्थानक व्हावे असे काहीच नव्हते. ना मोठी पेठ, ना कचेरी. परंतु कोळशाच्या इंजिनाला ठरावीक अंतरावर पाणी लागते आणि आसपासच्या टापूत गोडे पाणी लागले ते येथेच. म्हणून गाडी थांबू लागली. गाडी थांबू लागली म्हणून अडत आली, शाळा आली, तालुक्याची कामे आली आणि खेड्याचे शहर झाले.

"म्हंजे आमचं गाव इंजिनाच्या तहानेवर वसलेलं हाय बगा," बालाजी म्हणाला. "आता डिझेलचं इंजिन आलं. त्याला हिरीचं काय काम?"

सूर्य कलता असताना देवतळे आले. फलाटावरचा नळ कोरडा होता. माझ्या घशाला कोरड पडली होती. फलाट संपतो तेथे, स्थानकासमोरच्या मोकळ्या जागेत, चिंचेच्या झाडाखाली दगडी बांधणीची एक प्रशस्त विहीर दिसली. चार-पाच स्त्रिया रहाटावर पाणी काढत होत्या. त्यांच्यात एक वृद्ध स्त्री होती. पाठीचा कणा ताठ, नजर धारदार. मी पाणी मागितले.

"कुठलं म्हनायचं, गुरुजी?" कळशी ओंजळीवर धरताना तिने विचारले.

"नांदेडचा. उद्याच्या भूमिपूजनासाठी आलो आहे."

पाण्याची धार थांबली.

"म्हंजी आमची हीर बुजवनारे ते तुमीच व्हय?"

"विहीर? मला तर प्रांगणाचे पूजन सांगितले आहे."

"प्रांगन म्हंजी आंगनच ना? ते हितंच व्हनार, ह्या हिरीवर. लातूरचं सायब येनार, त्यांच्या मोटारी हुब्या ऱ्हानार. मोटारीला जागा, आन आमाला टँकरची वाट. प्या, प्या. पानी पाजताना भांडू न्हाई."

ते पाणी थंड आणि गोड होते. बाजूच्या बायका पदराआड हसत होत्या. मी ओंजळ पुसली आणि त्या वृद्धेला विहिरीची हकीकत विचारली.

तिचे नाव द्रौपदाबाई. स्थानकाला लागून असलेल्या बौद्ध वस्तीत तिचे घर. ही जमीन पूर्वी त्यांच्या हाडोळ्याची (गावकीच्या कामाबद्दल मिळालेली इनाम जमीन) होती. रेल्वेने ती घेतली आणि विहीर खणायलाही वस्तीतलेच हात लावले. द्रौपदाबाईचा बाप त्यांत होता. त्या काळी गावच्या आडावर या मंडळींना पाय ठेवू देत नसत. दुसऱ्याने वरून ओतले तर पाणी मिळायचे. पाणी लागले तेव्हा तेव्हाच्या स्टेशनमास्तरांनी सांगून टाकले, की ज्यांनी खणली त्यांनी आपल्या हाताने शेंदून न्यावे.

"आपल्या हातानं शेंदल्येलं पहिलं पानी हेच," द्रौपदाबाई म्हणाली. "मागल्या मोठ्या दुष्काळात ही बी तळाला गेली. तवा इंजिनाचा डायवर परळीहून भरून आनल्येलं गरम पानी नळीनं सोडायचा. आमी घागरी लावायचो. निवू द्यायचं आन मंग प्यायचं. लोखंडाचा वास यायचा त्येला. पर डायवर कदी न्हाई म्हनला न्हाई. इंजिनानं पाजलं, आन आता मानसं बुजवून ऱ्हायलीत."

प्रांगण समितीच्या अध्यक्षांच्या घरी माझी उतरण्याची सोय होती. चहा घेताघेताच मी विषय काढला. अध्यक्ष गोड बोलणारे गृहस्थ. म्हणाले, "गुरुजी, लातूरला कलेक्टर बसले. नव्या जिल्ह्यात आपल्या गावाला काही चेहरा हवा की नको? वस्तीला टँकर देऊ."

"सध्या येतो का?"

"येईल."

शेजारी गुत्तेदार (कंत्राटदार) बसला होता. माझ्या मनात शास्त्राची शंका आहे अशी समजूत करून घेऊन त्याने मला धीर दिला. "तुमी काळजीच करू नका. रीत समदी पाळनार. हिरीत मधोमध लोखंडी नळी हुबी ठिवनार, वरपातूर. हिरीला श्वास घ्यायला."

वाचकहो, ही रीत मला ठाऊक आहे. आटलेली विहीर बुजवताना आपल्याकडे तिच्यात पोकळ नळी ठेवतात. खालच्या जलदेवतेचा जीव गुदमरू नये, ही त्यामागची श्रद्धा. मी त्या श्रद्धेची थट्टा करणार नाही. परंतु ती रीत मेलेल्या विहिरीची आहे. जिच्यात पुरुषभर पाणी आहे, जिच्यावर भर दुष्काळात शे-दीडशे घरे जगत आहेत, तिला जिवंत पुरायचे आणि वर तिच्या नाकात नळी खोचून आपण धर्म पाळला म्हणायचे! हेच तेथे बोलताना माझा आवाज चढला. अध्यक्षांनी हसून विचारले, "एखादा शांतिपाठ असेल की, गुरुजी. तुमच्या शास्त्रात सगळ्याला तोड असते."

सगळ्याला तोड! आयुष्यभर ज्या विद्येची मी सेवा केली, तिच्याकडे हे लोक कुलपाच्या किल्लीसारखे पाहत होते. इष्ट आणि पूर्त असे दोन धर्म आमच्या पूर्वजांनी सांगितले. यज्ञ हे इष्ट. विहिरी, तळी, धर्मशाळा हे पूर्त. विहीर बांधल्यावर तिचा उत्सर्ग करतात, म्हणजे बांधणारा सर्वांसमक्ष सांगतो की हे पाणी आता सर्व प्राण्यांचे. त्यानंतर त्याचा स्वतःचाही तिच्यावर हक्क उरत नाही. मग ती बुजवण्याचा अधिकार कुणाचा उरणार? भरली विहीर मारण्याचा विधी मी कोणत्याही पोथीत वाचलेला नाही. मी एवढेच म्हणालो, "सकाळी येईन. काय करायचे ते तेथे पाहू."

सकाळी स्थानकासमोर मंडप होता. गुत्तेदाराचे मजूर फावडी घेऊन उभे होते; पिके गेलेल्या शेतकरी घरांतलीच ती माणसे. फलाटावर परळीच्या गाडीची वाट पाहणारे अपडाउनवाले होते. चिंचेखाली द्रौपदाबाई आणि वस्तीतल्या बायका. ताम्हणात पळी-पंचपात्र मांडले होते आणि पंचपात्रात पाणीही त्याच विहिरीचे!

मी आसनावर बसलो नाही. उभ्यानेच सर्वांना सांगितले, की या विहिरीचा उत्सर्ग, म्हणजे सर्वांना दान, झाल्याशिवाय येथे कुदळ पडणार नाही आणि उत्सर्ग ज्यांनी खणली त्यांच्या हातूनच झाला पाहिजे. मग द्रौपदाबाईकडे वळून म्हणालो, "बाई, तुम्ही यजमान म्हणून पाटावर बसा. मी संकल्प सांगतो."

मला वाटले होते, मी तिचा मोठा सन्मान करीत आहे. ती जागची हलली नाही.

"न्हाई बसनार, गुरुजी. राग धरू नका. आमी धम्म घेतलाय. पूजा आमी सोडली. आन हीर वाचवायला मी माजा शबूद मोडू का?"

मंडपात कुजबुज झाली. अध्यक्षांच्या चेहऱ्यावर सुटकेचे हसू आले. "झालं! यजमानच नाही म्हणतो. गुरुजी, आता आपलं ठरलेलं करा."

द्रौपदाबाई त्यांच्याकडे वळली. "थांबा की दादा, लई घाई करून ऱ्हायले. पूजेला न्हाई म्हनले, बोलायला न्हाई म्हनले न्हाई." ती विहिरीच्या कठड्यापाशी गेली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे बोलली. "ही हीर माज्या बापानं खनली. आमाला कुनी आडावर येऊ देत नव्हतं, पर आमी हितून कुनाला हाकललं न्हाई. गावाची, वाटसराची, गुराची, पाखराची, ज्येला तहान हाय त्येची ही हीर. माजी एकटीची न्हाई, तुमची बी एकट्याची न्हाई. झालं माजं."

मी हातातली पळी खाली ठेवली. "उत्सर्ग पूर्ण झाला," मी म्हणालो. "यात माझ्या मंत्राने भर घालण्यासारखे काही नाही. भूमिपूजन मी करणार नाही."

मजुरांच्या मुकादमाने फावडे जमिनीत रोवले आणि तो गुत्तेदाराला म्हणाला, "मालक, दान दिल्येल्या हिरीत आमी माती न्हाई टाकनार. आमाला बी लेकरंबाळं हायेत."

"दुसरे मजूर आणतो!" गुत्तेदार ओरडला.

"आना की," द्रौपदाबाई कठड्याला टेकून बसत म्हणाली. "माती माज्या डोक्यावर टाका मंग. आन माज्या नाकात बी नळी घाला. घेते श्वास."

लोक हसले, पण बायका एकेक करून तिच्याभोवती येऊन बसल्या. तेवढ्यात परळीची गाडी आली. बालाजीने गाडीकडे पाहिले, विहिरीकडे पाहिले आणि डबा काखेत मारून तो मंडपाकडे चालत आला. त्याच्यामागे निलंगेकर मास्तर, त्यांच्यामागे बाकीचे. एकही अपडाउनवाला चढला नाही. गार्डाने दोनदा शिटी दिली आणि गाडी तशीच निघून गेली. अध्यक्षांनी त्या माणसांकडे पाहिले. मग उपरणे झटकून म्हणाले, "बघू. नकाशा बदलता येतो का विचारतो."

दुपारच्या गाडीने मी परतलो. पुढे कळले, की प्रांगण झाले. विहीर तेथेच आहे आणि साहेबांच्या मोटारींना तिला वळसा घालून जावे लागते. तरी माझा संताप शमलेला नाही. ज्या पाण्यामुळे गाडी थांबली, ज्या गाडीमुळे शहर झाले, त्या शहराला मोठे होताच पहिली सुचलेली गोष्ट ते पाणी बुजवण्याची होती. आणि त्यासाठी धर्माचा माणूस नांदेडहून बोलावून आणला होता! प्रांगणाच्या कोनशिलेवर उद्घाटकांची नावे आहेत, असे ऐकतो. खणणाऱ्यांचे एकही नाही.

वाचकहो, तुमच्या उंबऱ्याशी आलेला तहानलेला जीव कधी विन्मुख न जावो. तुमच्या घरातील लहानथोरांना दीर्घायुष्य लाभो, तुमच्या शिवारात मेघ वेळेवर उतरो, आणि ज्या हातांनी तुमचे पाणी जमिनीतून वर आणले, त्या हातांची आठवण तुमच्या कुळात पिढ्यान्‌पिढ्या राहो.