मागची चौकट

माझा पहिला मुलगा बाराव्या दिवशी गेला. तेव्हा आमचं घर पिंपरीला, पवनेच्या कडेला होतं, थोडं पलीकडे आमची विहीर. एवढं लहान लेकरू जाळत नाहीत, पुरतात. आणि आमच्या वस्तीत ती जागा कुणाला दाखवत नसत. करणी करणारे उकरून नेतात, ही भीती. म्हणून दगड नाही, फूल नाही, वरून शेणानं सारवून मोकळं. मी बाळंतीण, खोलीत पडलेली. सासूबाईंनी तेवढं कानात सांगितलं, "मागच्या दाराच्या उंबऱ्यापासनं सरळ अकरा पावलं. कुणापाशी बोलू नगं." पुढच्या वर्षी त्याही गेल्या.

अकरा पावलं मी रोज मोजायची. म्हशीची धार काढून येताना दुधाचे चार थेंब तिथं सांडायची. मालक बघायचे, पण काही बोलायचे नाहीत. बोलायचं म्हटलं की या माणसाच्या जिवावर यायचं!

मग तिथं कारखाना येणार असं ठरलं. साहेबलोक जमीन मोजून गेले आणि आम्हाला कासारवाडीच्या अंगाला जागा मिळाली. जो तो आपलं घर आपल्याच हातानं उतरवायला लागला, कारण नव्या घराला वासे आणि कौलं तीच लागणार होती. मी मनाशी पक्कं केलं होतं, शेवटच्या दिवशी उकरायचं आणि त्याला पदरात घेऊन यायचं. मालकांना तसं सांगितलंही. ते म्हणाले, "बरं."

त्या सकाळी मी म्हशीला पाणी पाजायला नदीवर गेले. परत येऊन बघते तर मागची चौकट उंबऱ्यासकट काढलेली, मागची भिंत पार परसावर आडवी, आणि चौकट घेऊन पहिली बैलगाडी निघूनही गेलेली. नव्या जागी आधी चौकट उभी करतात, हे मला माहीत होतं. पण ती पुढच्या दाराची! मागची न्यायची घाई कुणाला होती?

खुरपं घेऊन मी त्या ढिगाऱ्यात उभी. मोजू कुठून? इथं खणलं, तिथं खणलं, नखं रक्ताळली. गाडीवान हाका मारत होता. शेवटी जी हाताला लागली ती माती पदरात बांधली. तिच्यात शेळीच्या लेंड्या होत्या. वाटभर मी मालकांना शिव्या घातल्या आणि गाडीत तोंड फिरवून बसले.

नव्या घराला मागं तीच चौकट बसली. तिन्हीसांजेला ते दार उघडलं की मला रडणं ऐकू यायचं. भास म्हणा, वेड म्हणा, मी ऐकलंय. पावलं आपोआप मोजली जायची. अकराव्याला शेजारणीची चूल होती. ती हसायची, "काय गं बया, माझं कालवण हुंगाया येती व्हय?" मीही हसायची. तिला काय सांगणार, कपाळ!

तीन वर्षं मी मालकांशी धड बोलले नाही. त्यांना त्याच कारखान्यात काम लागलं होतं. एकदा जेवताना मी पुन्हा तेच उकरून काढलं. "अवं, इतका येंधळेपणा असतो का? पुढची चौकट सोडून मागची नेली!"

त्यांनी घास ताटात ठेवला. "येंधळेपणा न्हाई. मुद्दाम काढली. तू उकरलं असतंस. दोन वर्सं मातीत व्हतं ते. काय हाताला लागलं असतं, तुला ठाव न्हाई. मला तुला ते बघू द्यायचं न्हवतं."

माझं डोकंच फिरलं. मी ताट ढकललं. "माझं लेकरू व्हतं!"

"आन् माझं न्हवतं व्हय?"

त्यांचा आवाज इतका चढलेला मी कधी ऐकला नव्हता. मी रडायला लागले. मग पदरानं डोळे पुसून विचारलं, "मग आता त्यो कायमचा हरवला?"

"खड्डा मीच खणला व्हता," ते खाली बघत म्हणाले. "मला चौकट कशाला पायजे? आपली इहीर अजून हाय कारखान्यात. तिच्यावरनं जागा समजती. तिथं आता सायकलींची शेड हाय. मी रोज भाकर तिथंच खातो."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या भाकरीबरोबर मी दुधाची छोटी बाटली बांधून दिली. मालकांना लहानपणापासून दूध चालत नसे. त्यांनी ती फडक्यात नीट गुंडाळून घेतली. संध्याकाळी बाटली रिकामी आली.