झेलियाचं तोरण आणि मांजराची बदनामी

व्हिनेगरच्या पाण्यानं स्वयंपाकघराची फरशी अर्धीच पुसून झाली होती. बादलीच्या काठावर हात टेकून झेलियानं नवऱ्याला विचारलं, "अजून येतोय का वास?"

"वाढलाय," थिओफिल खिडकीपाशी सरकत म्हणाला.

झेलियाला स्वतःला काही कळत नव्हतं. सर्दीनं नाक चोंदलेलं, त्यामुळे नवरा बोट दाखवेल तिथे ती पुसत सुटली होती. मांजराला, म्हणजे कॅप्टनला, सकाळीच मानगूट धरून बाहेर काढलं होतं. शेपटी उभी करून, अपमान झालेल्या पाहुण्यासारखा, तो धक्क्याकडे चालता झाला होता.

टेबलावर तोरण पडलं होतं, गाडीच्या चाकाएवढं, हिरवंगार. उद्या नाताळाआधीच्या आगमनकाळाचा पहिला रविवार. कॅनडातल्या केप ब्रेटनच्या आमच्या या किनाऱ्यावर चर्चच्या वेदीपुढचं, फर झाडाच्या डहाळ्यांचं तोरण झेलियाच्या आजीपासून त्यांच्याच घरातून जातं. यंदा मात्र तिची नणंद लेओनी चर्चच्या समितीत उभी राहून म्हणाली, "प्लास्टिकचं आणू. गळत नाही, सुकत नाही." झेलियानं फादरना गळ घालून एवढं एक वर्ष मागून घेतलं होतं. आज संध्याकाळच्या प्रार्थनेआधी तोरण टांगलं तर टांगलं, नाहीतर कायमचं प्लास्टिक.

झेलियाचं आयुष्यच फरला टेकलेलं. लहानपणी थंडीआधी घराच्या पायाभोवती फरच्या फांद्या रचायच्या, म्हणजे वारा आत घुसत नाही. बोट कापलं की आई फरच्या खोडावरचा डिंकाचा फोड फोडून चिकट डिंक लावायची. लग्नात फरच्या पानांची उशी मिळाली आणि तिच्यावर डोकं टेकताच थिओफिल घोरायला लागला! कडक गारठा पडल्याशिवाय डहाळी मोडायची नाही, पानं गळतात, हे तिनं मुलांना 'आमेन'च्याही आधी शिकवलं.

तोरण बांधायची तिची रीत तिचीच. एक जुडी, तारेचा एक वेढा, एक 'नमो मारिया', आणि डोळे मिटलेले. "देवाचं नाव घेताना हाताकडे काय बघायचं? हात शहाणे आहेत." यंदा त्या शहाण्या हातांना भेगा पडल्या होत्या, म्हणून वर जाड लोकरी हातमोजे.

तेवढ्यात दार ढकलून लेओनी आत आली. काखेत प्लास्टिकचं तोरण.

"अगं आई गं! झेलिया, मांजर मेलंय का घरात?"

"हाकललं त्याला सकाळी."

"मग आत्मा राहिलाय मागे."

लेओनी हुंगत हुंगत निघाली. चूल झाली, बाक झालं, आणि टेबलापाशी येऊन थबकली. तोरणात नाक खुपसून तिनं एक पान तोडलं, चिमटीत धरून फिरवलं. पान गरगर फिरलं.

फरचं पान चपटं असतं, ते असं फिरत नाही. हा फरसारखाच दिसणारा मांजऱ्या स्प्रूस. बाहेर गारठ्यात साधूसारखा उभा राहतो. घरात उबेला आला की मांजर मुतल्यासारखा दरवळतो.

"थिओफिल!" दोघी एकदम ओरडल्या. डहाळ्यांचं पोतं त्यानंच आणलं होतं.

त्यानं टोपी कानांपर्यंत ओढली. "टेकडीवर बर्फ होतं. गुडघा म्हणाला, इथे कुंपणापाशी केवढं दाट आहे."

"गुडघ्याला झाडं कळतात का रे?"

"पोत्यात वर फरच होतं की. खाली जरा..."

"आणि मी डोळे मिटून बसले!" झेलियाला हसू फुटायला लागलं. "मांजराच्या मुतावर अख्खी जपमाळ वाहिली गं मी!"

झालं. लेओनी हसता हसता ओल्या फरशीवरच बसली. "उद्या चर्च तापलं असतं ना... फादर प्रवचन सोडून... वेदीखाली मांजर..." पुढचं तिला बोलवेना. झेलिया टेबलाला धरून हिंदकळत होती. थिओफिल आधी रुसला, मग तोही भात्यासारखा हसायला लागला.

डोळे पुसत लेओनी म्हणाली, "हसणं वेगळं आणि ठरलेलं वेगळं. प्रार्थनेपर्यंत झालं नाही, तर हे टांगणार मी."

"मग बसलीस काय? ऊठ, पोतं धर."

"माझे बूट नवे आहेत!"

"थिओफिलचे घाल. तो कुठे जात नाही. तो फरशी पुसणार आणि तोरणातलं एकूण एक मांजर काढणार."

लेओनीनं कुरकुरत ते होडक्याएवढे बूट चढवले आणि प्लास्टिकचं तोरण चुलीपासून लांब, खुंटीला लावलं. झेलियानं टेबलावरचे हातमोजे उचलून कोपऱ्यात फेकले. वाहत्या नाकानं क्रूसाकडे बघून ती म्हणाली, "आज डोळे उघडे ठेवून म्हणते, चालवून घे." मग कॅप्टनची समजूत काढायला खारवलेल्या माशाचा एक तुकडा खिशात घातला.

आता धक्क्यावरून कॅप्टनला घ्यायचं, आणि तसंच टेकडीवर जाऊन पोतंभर फर आणायचं.