तपासल्याशिवाय पान नाही

शैलाताईंचा फोन आला तेव्हा मी कासार आंबोलीच्या घरी टाकीत पाणी चढवत होतो. "भाऊजी, हे गेले," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "कॉम्प्युटर अजून चालूच आहे. तो बंद कसा करायचा...?" शैलाताई माझ्या बायकोची थोरली बहीण, म्हणजे वसंतराव माझे साडू. हृदयविकाराचा झटका आला होता. आता दीड महिना होत आला.

कारखान्याच्या स्टोअरमधून निवृत्त झाल्यावर वसंतराव एका सॉफ्टवेअरच्या मागे लागले. गावोगावच्या दूध संस्थांत रोजचं दूध नोंदवायला ते वापरतात. ते फुकट आहे. बनवणारी माणसं वेगवेगळ्या शहरांत राहतात, पगाराशिवाय काम करतात, आणि ज्याला जे जमेल त्याची त्यानं भर घालावी अशी तिथली पद्धत. वसंतरावांना प्रोग्रॅम लिहिता येत नव्हता. ते सॉफ्टवेअर कसं वापरायचं, हे त्यांनी मराठीत लिहायला घेतलं. एका कामाला एक पान. पान लिहून झालं की मला सूसला त्यांच्या घरी बोलावत. मी हिशेब तपासणारा माणूस. "साडूभाऊ, तुम्ही कागदाबाहेर जात नाही, म्हणून तुम्हीच पाहिजे," असं म्हणत. मी खुर्चीत बसून लिहिलंय तेवढंच करायचं, आणि त्यांनी मागे उभं राहून एक अक्षर बोलायचं नाही, हा त्यांचा नियम. एकदा पानावर 'पुढे जा' असं होतं आणि पडद्यावर पुढे जायच्या दोन जागा होत्या. मी हात मांडीवर ठेवून बसलो. मागे वसंतरावांचा श्वास ऐकू येत होता, पण बोलतील तर शपथ. शैलाताई चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "काय, दोघांचे पुतळे झाले का?"

ते दिवस मजेचे होते. मग ताम्हिणीच्या रस्त्यावरच्या एका दूध संस्थेतला कारकून, बबन, याचा फोन आला. त्याचं मशीन बिघडलं होतं, आणि ठेवलेल्या नोंदी परत कशा आणायच्या ते पान त्यानं उघडलं होतं. पानावर 'वरचं बटण दाबा, खात्री विचारली तर हो म्हणा' असं होतं. मधल्या काळात सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली होती आणि बनवणाऱ्यांनी बटणांची अदलाबदल केली होती. वरचं बटण आता सगळं पुसणारं होतं. बबन चिडला नव्हता. "तुमी लिवलं तेच दाबलं वो," एवढंच तो म्हणाला. गावकऱ्यांनी आपापली दूध लिहिलेली कार्डं आणून दिली आणि नोंदी पुन्हा भरल्या गेल्या. वसंतरावांच्या मनातून मात्र ते गेलं नाही.

त्यानंतर प्रत्येक नव्या आवृत्तीला ते सगळी पानं पहिल्यापासून तपासू लागले. आवृत्त्या थांबत नाहीत. एक तपासून संपते तोवर दुसरी येते. मुलीकडे नागपूरला जायचं तिकीट काढायचे आणि रद्द करायचे. प्रकल्पातल्या लोकांनी मदतीला माणसं दिली, तर त्यांचं लिखाण यांनी दुरुस्त्या करकरून परत पाठवलं. शेवटी ती माणसं यायची थांबली. मी एकदा सुचवलं, की प्रत्येक पानावर 'अमुक आवृत्तीपर्यंत तपासलेले' अशी ओळ टाका आणि मोकळे व्हा. "म्हणजे हात झटकायचे," ते म्हणाले. "ती ओळ वाचून बबननं काय करायचं?" मला त्यांचा राग आला होता. फुकटच्या कामात माणसानं स्वतःला इतकं कोंडून घ्यावं, हे मला पटत नव्हतं. आजही पटत नाही.

तेराव्यानंतर शैलाताई म्हणाल्या, "भाऊजी, ते सगळं बंद करून टाका. नाहीतर उद्या तुम्ही अडकाल." तोवर पुढची आवृत्ती आलेलीच होती. पासवर्ड माझ्याकडे होता. मी घरी बसून प्रत्येक पानावर ओळ टाकली, की हे पान जुन्या आवृत्तीवर तपासलेलं आहे, खात्री करून वापरावं. प्रकल्पाच्या लोकांनाही तसं कळवलं. हिशेब बंद केल्यासारखं वाटलं.

आठवडाभरानं बबनचा फोन आला. वसंतरावांचं त्याला कळलं होतं, हळहळला. मग म्हणाला, "साहेब, आमचं मशीन पुन्हा बसलंय. तुमी टाकलेली ओळ वाचली. पन खात्री कुनाकडं करायची? बटन दाबू का नको?"

मी म्हटलं, दाबू नका, थांबा.

सॉफ्टवेअर चालवून बघायचं तर ते वसंतरावांच्या कॉम्प्युटरवरच होतं, म्हणून तसाच सूसला गेलो.  शैलाताईंनी वसंतरावांची खोली उघडून दिली आणि कोंदट वास जावा म्हणून खिडकीचा कायम ओढलेला पडदा सरकवला. इतकी वर्षं त्या खोलीत जातोय, पण तिथून टेकडी दिसते हे मला माहीत नव्हतं... चांगली हिरवी टेकडी. मी खुर्चीत बसलो, पान उघडलं. उजेड थेट स्क्रीनवर पडत होता, अक्षर दिसेना. बबन वाट बघत होता.

"ताई," मी म्हटलं, "तेवढा पडदा ओढून घ्या."