शिमग्याआधीचं इंजेक्शन

आमच्या ह्यांचा उजवा घोटा बोटीवर नोकरीला असताना मोडला. तो वाकडा सांधला आणि साठीनंतर आतली कूर्चा पार झिजली. आमचं घर पावसजवळ, रस्त्याच्या खाली, जांभ्याच्या पायऱ्या उतरून. त्या चढताना ह्यांच्या तोंडून जे निघे ते लिहिण्यासारखं नाही.

रत्नागिरीच्या हाडांच्या डॉक्टरांनी सांध्यात इंजेक्शन सुचवलं. बजावून सांगितलं, "दुखणं काही आठवडे कमी होईल. झिजलेलं भरून येणार नाही. दुखत नाही म्हणून पायाला ताण दिलात, तर पुढे सांधा जखडून टाकायचं ऑपरेशन."

ह्यांनी त्यातलं 'दुखणं कमी' एवढंच ऐकलं आणि तिथल्याच कॅलेंडरात शिमग्याची पौर्णिमा शोधली. "मग शिमग्याच्या आधी आठवडाभर द्या," म्हणाले. लग्नासाठी हॉल बुक करावा तसे.

कारण देवीची पालखी आमच्या अंगणात आली की ती खांद्यावर घेऊन नाचवायचा मान घरातल्या थोरल्याचा. धाकटा दीर धडधाकट आहे, दरवर्षी मुंबईहून येतो. त्याने खांदा दिला असता तर आभाळ कोसळलं नसतं. पण नाही. आमच्याकडे पाय गेला तरी चालतो, मान जाता कामा नये.

"अहो, पाय गेला तर या पायऱ्या कोण चढणार? घर सोडावं लागेल," इंजेक्शन घेऊन आल्यावर मी म्हटलं. मला तेवढीच धास्ती होती. त्या घराबाहेर मला कुठे झोप लागत नाही.

"गप ऱ्हा गो. आता काय एक दुखत नाय."

"दादा, तू नाच रे! देवी बघून घेईल," दीर म्हणाला. दुसऱ्याच्या पायावर उदार व्हायला काय लागतं?

नाचले. अनवाणी, खडबडीत कातळावर, खांद्यावर पालखी. सगळा गाव वाहवा करत होता आणि दीर मोबाईलवर शूटिंग. एवढी शहाणी माणसं एका अंगणात मी पुन्हा पाहिली नाहीत.

औषधाचा असर उतरला आणि घोटा भोपळ्यासारखा सुजला. डॉक्टरांनी दुसरं इंजेक्शन द्यायला साफ नकार दिला. शेवटी ऑपरेशन झालं. आता हे सपाटीवर चालतात, त्या पायऱ्या मात्र जमत नाहीत. म्हणून घराला कुलूप घालून आम्ही रत्नागिरीत तळमजल्यावर भाड्याने राहतो. "देवीची इच्छा, वहिनी," दीर म्हणतो. देवीने सुई टोचून घ्यायला सांगितल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

यंदा शिमग्याला त्याने अंगणातून व्हिडिओ कॉल लावला. मागे आमचं बंद दार दिसत होतं.

"खांदा कोणी दिलान?" ह्यांनी विचारलं.

"मीच, दादा."

ह्यांनी समाधानाने डोळे पुसले. लग्न होऊन आले त्या वर्षापासून त्या दारात देवीची ओटी मी भरत होते. यंदा ती कोणी भरली, हे दोघांपैकी कोणालाही विचारावंसं वाटलं नाही.