पायांवर पाणी
आमच्या गावात पाहुणा आला की आंगणात चपला काढतो. घरचं कुणीतरी गडवाभर पाणी आणून देतं, आणि पाय धुऊन मगच तो सपरीत, म्हणजे ओसरीत, चढतो. पाणी दिलं म्हणजे 'या' म्हटलं. त्या दुपारी माझ्या मोठ्या बहिणीला, बाईला, कुणीच पाणी दिलं नाही.

दोन वर्षांपूर्वी ती सूरजागडच्या खाणीकडे ट्रक चालवणाऱ्या एका मुलासोबत निघून गेली होती. लग्न कुठल्याशा देवळात झालं, आम्हाला मोबाइलवर फोटो आला. बाबांनी तो पाहिलासुद्धा नाही. त्यांच्या नाकावरच राग. माझ्याही आहे म्हणा, नावं कुणाला ठेवणार?

चैत्र होता. आंगणात मोहफुलं वाळत होती आणि त्या गोड वासानं डोळे जड झाले होते. झळांमध्ये समोरचा तलाव हलताना दिसत होता. त्या झळांतूनच दोघं आली. मला वाटलं, मी अजून झोपेतच आहे. बाईनं कुंपणाशी चपला काढल्या आणि तापल्या मातीवर उभी राहिली. नवरा तिच्या मागे, पायात जाड बूट.

बाबा सपरीत जाळं विणत होते. त्यांनी मान वर केली नाही. माझा हात गडव्याकडे गेला, पण धीर झाला नाही. त्याची लाज मला आजही वाटते.

"अवो, पोरीचे पाय भाजून राह्यले ना!" आई दारातून म्हणाली.

बाबा विणतच राहिले. बाई कधी या पायावर, कधी त्या पायावर. किती वेळ गेला कोण जाणे, सगळं लांबून दिसावं तसं दिसत होतं. शेवटी ती वळली आणि चपलांत पाय घालू लागली.

तेव्हा बाबा उठले. आतून पितळेची परात आणून त्यांनी आंगणात ठेवली आणि तिच्या नवऱ्याला म्हणाले, "जावईबापू, जोडे काढा."

आमच्याकडे लग्नात मुलीचे आईबाप जावयाचे पाय धुतात. तो बिचारा कावराबावरा झाला, बुटांच्या नाड्या सुटेनात. बाबा परातीपुढे उकिडवे बसून राहिले.

"घाई नाई," ते म्हणाले. "दोन साल गेले, आनखी दोन मिनिटं."

आई गडवा घेऊन धावली. ती पाणी घालत होती, बाबा पाय धूत होते, आणि बाई एका पायात चप्पल घालून तशीच रडत उभी होती.